कॅबिनेट काढा, पण त्याची कामं कोण करणार?

खान्देशातला कॉम्प्युटर ओळखायचा कसा? एकदम सोप्पं आहे. मार्च संपला की त्याच्या कॅबिनेटची एक बाजू गायब झालेली असते. ती बाजू पलंगाखाली नाहीतर कपाटामागे उन्हाळी सुट्टीवर जाते आणि उघड्या पोटावर टेबलफॅन रोखलेला असतो. वायरींचं जंजाळ, धुळीने माखलेला पंखा, मदरबोर्ड... सगळा संसार चव्हाट्यावर! जळगावात पारा ४५च्या पुढे गेला की माणसं बनियनवर येतात, मग बिचाऱ्या कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलंय?

इथपर्यंत ठीक होतं, मंडळी. पण हल्ली प्रकरण बनियनच्याही पुढे गेलंय. कॅबिनेट पूर्णच काढून टाकायचं आणि मदरबोर्ड भिंतीवर फोटोफ्रेमसारखा लावायचा, अशी एक फॅशन आहे. मागे रंगीत एलईडीची पट्टी, समोर ग्राफिक्स कार्ड दिमाखात बसलेलं. दिसतं झकास, यात वादच नाही. त्यात आपल्याकडे ‘गरम कमी होईल’ हे कारण तयारच असतं. म्हणजे स्टाइल पण आणि कूलिंग पण!

गेल्या मे महिन्यात धुळ्याहून माझ्या मावसभावाचा फोन आला. हा पठ्ठ्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मे महिना म्हणजे त्याची सुगी. आणि नेमका त्याच महिन्यात त्याचा कॉम्प्युटर रेंडरिंग करता करता मान टाकत होता. एका पार्टीचा व्हिडिओ आठवडाभर लटकलेला, नवऱ्या मुलाचे काका दिवसातून तीनदा फोन करत होते. साहेब जाम वैतागले होते.

‘‘दादा, कॅबिनेट फेकून देतो. बोर्ड डायरेक्ट भिंतीवर. खिळे कितीचे आणू?’’

खिळे! मी म्हटलं, ‘‘थांब भो, काही ठोकू नको. रविवारी येतो.’’

उघडा बोर्ड म्हणजे पाप नाही

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपण ज्या डब्याला सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो, ते असतं कॅबिनेट. खरा सीपीयू म्हणजे आतल्या मदरबोर्डवर बसलेली, काडेपेटीएवढी चिप. मदरबोर्डला काम करायला कॅबिनेट लागत नाही. वीज द्या, प्रोसेसर-रॅम बसवा, तो पुठ्ठ्यावरही सुरू होतो. रिपेअरिंगच्या दुकानात रोज तेच चालतं. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या रिपेअरवाल्यांच्या टेबलावर नजर टाकलीत, तर कळेल मी काय म्हणतोय.

मोठमोठ्या लोकांनीही हेच केलंय. १९७६ मध्ये स्टीव्ह जॉब्ज आणि स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी ॲपल-१ विकायला काढला, तो चक्क नुसता बोर्ड होता. किंमत ६६६.६६ डॉलर, कॅबिनेट नाही, कीबोर्ड नाही, ट्रान्सफॉर्मरही ज्याचा त्याने आणायचा. लोकांनी हौसेने लाकडी खोकी बनवली. १९९९ मध्ये गुगल नवीन होतं, पैसे जपून वापरायचे होते. त्यांनी एकेका ट्रेवर चार-चार मदरबोर्ड कॅबिनेटशिवाय मांडले आणि खाली शॉर्ट होऊ नये म्हणून कॉर्कचा थर दिला. असा एक रॅक कॅलिफोर्नियातल्या माऊंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये ठेवलेला आहे. आणि २०१२ पासून विकला जाणारा रास्पबेरी पाय? तोही नुसता बोर्डच.

मग आपल्या धुळ्याच्या पठ्ठ्याने काय घोडं मारलं? काहीच नाही. फक्त एक फरक लक्षात घ्या. गुगलवाल्यांनी कॅबिनेट काढलं, पण त्याचं काम कॉर्ककडून करून घेतलं. शिवाय त्यांच्या खोलीला कुलूप होतं. आपल्या खोलीत आजी असते, मांजर असतं आणि सुट्टीत माहेरी आलेल्या ताईचं दीड वर्षाचं कार्टं असतं.

डबा नेमकं काय करतो?

कॅबिनेट गप्प बसून पाच कामं करतं. ते काढलं की ही पाचही कामं तुमच्या अंगावर येतात.

पहिलं, धरून ठेवणं. बोर्ड, जड ग्राफिक्स कार्ड, बाहेरून ओढ बसणाऱ्या केबली, सगळ्याचा भार ते घेतं.

दुसरं, अंतर राखणं. मदरबोर्डच्या मागच्या बाजूला सोल्डर केलेल्या शेकडो टोकदार पिना असतात. त्यातल्या कुठल्याही दोन धातूने जोडल्या गेल्या की खेळ खल्लास. म्हणून बोर्ड पितळी स्पेसरवर अधांतरी उभा असतो.

तिसरं, अर्थिंग. याबद्दल जरा सविस्तर बोलायचंय.

चौथं, हवेला वाट दाखवणं. समोरून थंड आत, मागून गरम बाहेर.

पाचवं, राखण. बोटं, पाणी, पाल, झुरळ, धूळ बाहेर ठेवायची आणि आत काही पेटलंच तर ते पत्र्याच्या आतच राहील असं बघायचं.

४५ अंशांचं गणित

‘उघडं ठेवलं की थंड राहतं’ हा फंडा अर्धाच खरा आहे. पंखा थंडी तयार करत नाही, तो फक्त खोलीतली हवा प्रोसेसरच्या हीटसिंकवर ढकलतो. खोलीत २५ अंश असताना तुमचा प्रोसेसर कामाला लागल्यावर ६५ वर जात असेल, तर तो खोलीपेक्षा ४० अंश वर आहे. हा फरक साधारण तेवढाच राहतो. म्हणजे खोली ४५ वर गेली की प्रोसेसर ८५ वर. हीटसिंकमध्ये धूळ बसली असेल तर आणखी वर. आजचे बरेचसे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःहून वेग कमी करतात आणि त्याहून वर गेले की मशीन बंद पडतं.

कॅबिनेटमध्ये हवा कोंडत असेल, तर ते उघडल्यावर काही अंशांचा फायदा नक्की होतो. पण खोलीपेक्षा थंड? नाव सोडा.

म्हणून धुळ्याला पोचल्यावर पहिलं काम केलं ते साफसफाईचं. जळगाव ते धुळे म्हणजे एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर. देवपुरात मावशीकडे पोचेपर्यंत दुपार झाली होती. रस-पोळी हाणून आम्ही दोघं कॉम्प्युटरपाशी बसलो. हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळ्या मातीच्या धुळीची चक्क गोधडी विणली गेली होती! ब्लोअर मारला (मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं), जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसली, नवी तांदळाच्या दोन दाण्यांएवढी लावली. कॅबिनेट अजून जागेवरच होतं आणि तापमान आठ-दहा अंशांनी खाली आलं.

‘‘म्हणजे भिंतीवर नको लावू?’’ त्याचा चेहरा पडला.

लाव की. हौसेला मोल नसतं. पण तेवढ्यात त्याने सहज एक वाक्य टाकलं आणि माझा रविवार त्यातच गेला.

‘झिणझिण्या तर सगळ्यांकडेच येतात ना?’

‘‘दादा, चप्पल घालून बस. कॅबिनेटला पाय लागला की झिणझिण्या येतात.’’

हे वाक्य आपल्याकडे किती घरांत ऐकू येतं! फ्रिजला हात लावला की झिणझिण्या, कॉम्प्युटरला लावला की झिणझिण्या आणि उपाय काय? चप्पल घाला! दुखणं नळाला आणि पट्टी बादलीला, असला प्रकार.

होतं काय, ते सांगतो. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज देणाऱ्या त्या डब्यात, गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून बॉडीकडे, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीकडे. अर्थिंग असेल तर जो थोडासा करंट बॉडीवर येतो, तो मुकाट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी मधल्यामध्ये तरंगत राहते, २३०च्या साधारण निम्म्या व्होल्टवर. करंट अगदी कमी असतो, म्हणून माणूस मरत नाही, झिणझिण्यांवर भागतं. पण त्या झिणझिण्या एक निरोप देत असतात, की या घरात अर्थिंग नाही.

आणि समजा उद्या आतली एखादी वायर सोलवटून बॉडीला टेकली, तर? अर्थिंग असेल तर धडाक्यात करंट जमिनीकडे जातो, एमसीबी पडतो, विषय संपला. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही. बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येऊन बसतात आणि कुणाच्या तरी हाताची वाट बघतात.

आता गंमत अशी, की मदरबोर्डच्या स्क्रूच्या भोकांभोवतीची चकती, यूएसबीच्या तोंडाचा पत्रा, एचडीएमआयचं टोक, हे सगळं एसएमपीएसच्या बॉडीशीच जोडलेलं असतं. कॅबिनेट असताना हे बरंचसं आत झाकलेलं असतं. कॅबिनेट काढून बोर्ड भिंतीवर टांगला की जे जे कॅबिनेटच्या आत होतं, ते ते हाताशी आलं. आणि ताईचं कार्टं नुकतंच धरून धरून चालायला लागलेलं. त्या वयात भिंतीवरचं चमकणारं काहीही ‘मला’ असतं.

मी प्लग काढून बघितला. थ्री-पिनची मोठी पिन कापलेली होती. जुन्या बोर्डात बसत नव्हती म्हणून केव्हातरी कुणीतरी छाटलेली. आता बोला!

‘‘आधी वायरमनला बोलाव, मग ड्रिल मशीन,’’ मी म्हटलं. मावशी आतून म्हणाली, ‘‘मी कधीची सांगतेय, ऐकतंय कोण?’’

वायरमन सोमवारी सकाळी आला. मीटर लावून त्याने तीन आकडे घेतले. हे तुम्हीही त्याला घ्यायला लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट. दुसरा आकडा गायब किंवा अर्धवट असेल, तर सॉकेटचं तिसरं भोक नुसतंच शोभेचं आहे. मावशीच्या घरी अगदी तसंच होतं. अंगणात अर्थिंगचा खड्डा होता, पण तिथून या खोलीपर्यंत वायरच ओढलेली नव्हती. शिवाय खड्डा ठणठणीत कोरडा. कोळसा आणि मीठ घालून केलेल्या खड्ड्याला ओल लागते. खान्देशात मे महिन्यात जमिनीला भेगा पडतात, तिथे त्यात अधूनमधून दोन बादल्या पाणी ओतायलाच हवं. वायरमनने वायर ओढली, नवा थ्री-पिन प्लग बसवला आणि मेन बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी लावला. हा पंटर अंगातून करंट जातोय असं दिसताक्षणी लाइन तोडतो.

त्यानंतर मावशीने अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावून बघितला. झिणझिण्या गायब!

आता लावू या बोर्ड

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शहाणी आयडिया सांगतो. जुनं कॅबिनेट फेकू नका, कापा. आत ज्या पत्र्यावर मदरबोर्ड बसतो, तो ट्रे आणि मागची पट्टी एवढं ठेवायचं. स्पेसरची भोकं बरोबर जागी असतात, ग्राफिक्स कार्ड अडकवायची पट्टी असते, एसएमपीएस जवळच त्याच पत्र्याला कसला की ट्रेला आपोआप अर्थिंग मिळतं. कापलेल्या कडा कानशीने घासा, त्यावर रबरी बीडिंग लावा. भंगारवाल्याकडेही असं रिकामं कॅबिनेट मिळून जातं. हा ट्रे प्लायवर कसला की झालं.

ट्रे नसेल आणि थेट प्लायवरच लावायचं असेल तर क्रम असा ठेवा.

आधी साइज बघा. मोठा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिमीचा असतो, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. एटीएक्सची ही मापं इंटेलने १९९५ मध्ये ठरवली, म्हणून कुठल्याही कंपनीचा असा बोर्ड कुठल्याही एटीएक्स कॅबिनेटमध्ये बसतो. प्लाय १२ मिमीचा घ्या आणि चारही बाजूंनी चांगली जागा सोडा.

बोर्ड एका जाड कागदावर ठेवून भोकांतून पेन्सिलीने खुणा करा. मग बोर्ड उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. हे महत्त्वाचं आहे. बोर्ड शेजारी ठेवून ड्रिल मारू नका, एक बारीकसा धातूचा कण पुरतो. कागद प्लायवर चिकटवा आणि भोकं पाडा.

प्रत्येक भोकात मागून ३० मिमीचा एम-३ बोल्ट, त्यावर पुढून १० मिमीचा नायलॉनचा किंवा पितळेचा स्पेसर, त्यावर बोर्ड, त्यावर नट. बोर्डला जेवढी भोकं, तेवढेच स्पेसर. एकही कमी नको आणि एकही जास्त नको. कमी असेल तर रॅम दाबताना बोर्ड वाकतो. जास्त असेल, म्हणजे भोक नाही तिथे पितळी स्पेसर उभा असेल, तर तो मागच्या पिनांना टेकून शॉर्ट करतो. नट दोन बोटांनी कसा. पाना लावून जोर काढायचा नाही. आणि हो, खिळे नाहीत, फेव्हिक्विक नाही, डबल टेप तर अजिबात नाही. ४५ अंशांत डबल टेपचा डिंक मऊ होतो आणि तुमचा बोर्ड रात्री दोन वाजता धप्पकन खाली येतो.

एसएमपीएस कधीही उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. त्याला एल-पट्टीने धरायचं, त्याच्यासोबत आलेलेच आखूड स्क्रू वापरायचे. लांब स्क्रू आत जाऊन भलतीकडे टेकतो. पंख्याची बाजू मोकळी ठेवा, समोर निदान चार-पाच सेंटिमीटर जागा हवी.

बोर्ड सुरू करायला बरेच जण स्क्रूड्रायव्हरने दोन पिना टेकवतात. दिसायला हिरोगिरी आहे, पण हात घसरला की शेजारच्या पिनांची वाट. जुन्या कॅबिनेटचं बटण वायरीसकट काढा आणि तेच लावा. त्यातला बारका स्पीकरही काढून घ्या. काही बिघडलं तर बीप वाजवून तोच सांगतो.

ग्राफिक्स कार्ड जड असेल तर त्याला स्लॉटच्या भरवशावर लटकवू नका. कॅबिनेटमध्ये त्याला मागे स्क्रू असतो. इथे तो नाही, मग त्याच्या टोकाला खालून आधार द्या. मॉनिटरची केबल आधी प्लायला क्लिपने बांधा आणि मग बोर्डमध्ये लावा. म्हणजे कुणाचा पाय अडकला तर ओढ प्लायला बसेल, बोर्डला नाही. प्रोसेसरवर किलोभराचा टॉवर कूलर असेल तर भिंतीवर उभा बोर्ड नकोच, टेबलावर आडवाच बरा.

खास खान्देशी सूचना

हे सगळं इंटरनेटवरच्या परदेशी व्हिडिओंमध्ये मिळेल, पण पुढचं नाही मिळणार.

एक, वाळ्याचा कूलर. आपल्याकडे उन्हाळ्यात त्याच्याशिवाय जगणं नाही, पण त्याचा झोत उघड्या बोर्डवर सोडू नका. झोतासोबत पाण्याचे बारीक तुषार येतात. कूलर खोली गार करू दे, बोर्डकडे पाठ करून.

दोन, चटई. जळगावची प्लॅस्टिकची चटई प्रसिद्ध आहे, घरोघरी असते आणि काम करताना आपण तीच अंथरतो. प्लॅस्टिकवर घासलं की स्टॅटिक तयार होतं. बोर्ड तिच्यावर ठेवू नका, ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून तो आला त्याच्यावर ठेवा. ज्या चकचकीत चंदेरी पिशवीत तो आला, तिच्यावर ठेवून तर सुरू करूच नका. तिच्यातून थोडीफार वीज वाहते.

तीन, डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी. ब्लँकेट ओढताना अंधारात ठिणग्या दिसतात ना? तीच ठिणगी रॅमला नको. काम सुरू करण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा आणि अधूनमधून लावत राहा.

चार, पाल. तिला ऊब आवडते आणि ऊब जिथे असते तिथे किडेही येतात. पुढची गोष्ट सांगत नाही, तुम्ही कदाचित जेवताना वाचत असाल. समोर अ‍ॅक्रेलिकची शीट लावा, बोर्डपासून पाच-सात सेंटिमीटर पुढे, वर-खाली हवा जायला मोकळी. फ्लेक्स-साइनबोर्डवाल्याकडे मापात कापून मिळते. पाल पूर्ण थांबणार नाही, पण बोटं आणि पाण्याचे ग्लास थांबतील. डासांची जाळी मात्र नको, ती महिन्याभरात धुळीने बंद होते.

पाच, प्लाय जळतो. पत्र्याचं कॅबिनेट जळत नाही. म्हणून पडदा, गादी, देवघर यांच्यापासून लांब. आणि घराबाहेर जाताना किंवा झोपताना भिंतीवरचं बटण बंद. रात्रभर रेंडरला लावून झोपायचं असेल, तर मशीन कॅबिनेटमध्येच बरं.

पहिली चाचणी

सगळं जोडून झाल्यावर लगेच गेम किंवा रेंडर लावू नका. आधी फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि डिस्प्ले. सुरू करा आणि पंधरा मिनिटं समोर बसा. वास येतोय का, कुठला भाग हात जवळ नेताच चटका देतोय का, बायोसमध्ये तापमान किती दाखवतंय, हे बघा. सगळं ओके असेल तर बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. मगच पुढचा पार्ट लावा. मशीन बंद दिसलं तरी प्लग लावलेला असेल तर बोर्डवर पाच व्होल्टची लाइन जिवंतच असते, हे विसरू नका.

मग शेवटी काय झालं?

मावसभावाने बोर्ड भिंतीवर लावला नाही. मी नको म्हटलं म्हणून नव्हे हं! वायरमन गेल्यावर त्याने स्वतःच ताईच्या बाळाची उंची, त्याच्या हाताची लांबी आणि भिंतीवरची जागा डोळ्यांनी मोजली. मग जुन्या कॅबिनेटचा ट्रे कापून कपाटाच्या वरच्या, मोकळ्या फळीवर आडवा बसवला. समोर अ‍ॅक्रेलिक, मागे निळी एलईडी पट्टी. दिसतंय सॉलिड. लटकलेल्या लग्नाचा व्हिडिओ त्याच आठवड्यात गेला आणि काकांचे फोन थांबले.

तुम्ही काय कराल ते तुमच्या घरावर आहे. घरात लहान मूल असेल, भाड्याच्या खोलीतल्या अर्थिंगची खात्री नसेल, किंवा दर महिन्याला ब्लोअर मारायचा कंटाळा असेल, तर सरळ जाळीदार पुढा असलेलं साधं कॅबिनेट घ्या. दीड-दोन हजारांत मिळतं आणि पाचही कामं कुरकुर न करता करतं. एकटे राहत असाल, हात चालत असेल, खोलीला कुलूप असेल, तर उघडा बोर्ड जरूर लावा. मजा येते, शिकायलाही भरपूर मिळतं.

मात्र दोघांनाही एक काम सारखंच आहे आणि ते या रविवारीच उरकून टाका. कॉम्प्युटरचा प्लग काढा आणि त्याची मोठी पिन जागेवर आहे का बघा. मग वायरमनला फोन करून ते तीन आकडे घ्यायला सांगा. झिणझिण्यांवर चप्पल हा इलाज नाही, राव!